तुझे राहिलेले रोजे आणि व्हर्जिनियाचं जहाज

प्रिय शमीम,

सलाम. आज मी रोजा ठेवला आहे आणि तो माझा नाही, तुझा आहे. त्यामुळे या पत्रात माझा आवाज जरा चढलेला वाटला तर ऐकून घे. सकाळपासून चहा नाही. चहाशिवाय मी माणसात नसतो, हे तुला माहीत आहे, आणि तुझ्या कृपेने आता साऱ्या मराठी जगाला माहीत आहे.

आत्ताच श्रीवर्धनला तुझ्या खालाशी फोनवर बोललो. फोन ठेवला आणि तडक लिहायला बसलो. तुझ्याशी भांडायचं आहे. समोर असतीस तर बोलूनच भांडलो असतो, पण तिथेही तू सोय ठेवली नाहीस.

आधी रोज्यांचं. तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे एका रमजानचे रोजे राहिले. ते कुणाच्या हातात नव्हतं. पण नंतर चांगली ठणठणीत झालीस, तेव्हा मी म्हटलं, आता राहिलेले रोजे ठेवून टाक. तू काय म्हणालीस? "उन्हाळ्याचे दिवस केवढे लांब असतात हो! थंडीत ठेवीन." थंडी आली, तर शाळेत परीक्षा. पुढची थंडी आली, तर तुझ्या चॅनलवर अमेरिकेची क्रांती चाललेली. क्रांती अर्ध्यावर सोडून बाई रोजे कसे ठेवणार? आता पुन्हा थंडी आली आहे. दिवस छान लहान झालेत, इथे सौदीत, खफजीच्या समुद्रावरून गार वारा येतोय आणि रोजे ठेवायला तू नाहीस. खालाने सांगितलं, आपल्यात मेलेल्या माणसाचे राहिलेले रोजे त्याच्या जवळच्या माणसाला ठेवता येतात. जवळचा माणूस कोण, हे मी तिला विचारलं नाही.

तर ठेवतोय. त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण थोडी. माझी खरी तक्रार त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, जी तू "पुढच्या भागात सांगते" म्हणून ठेवून दिलीस.

मुळात शमीम, हे चॅनल सुरू करायचं अडलं होतं कुणाचं? तू शाळेत समाजशास्त्र शिकवायचीस. पुस्तकात अमेरिकेच्या क्रांतीला अर्धं पान. मुलं पाठ करत होती, पेपर लिहीत होती, सगळं सुरळीत होतं. एक दिवस घरी आलीस आणि पर्स ठेवायच्या आधी म्हणालीस, "अहो, अर्ध्या पानात कुणाला काय कळणार? मी सांगणार. मोबाइलवर. मराठीत." मी म्हटलं, अमेरिकेचा इतिहास, सौदीत बसून, मराठीत! ऐकणार कोण? तू म्हणालीस, "इंग्रजीत सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या खालाला कोण सांगणार?"

खालाने मावशी असून तुला आईसारखं लहानाचं मोठं केलं, हे कबूल. पण तिला श्रीवर्धनच्या पुढे अलिबागसुद्धा लांब वाटतं. तिला व्हर्जिनियाशी काय करायचं होतं? पण नाही. प्रत्येक भाग आधी खालाला फोनवर ऐकवायचा. ती तिकडे सुकट निवडत बसलेली, तू इकडे कागद घेऊन. मध्येच ती म्हणायची, "मना नाय समजला. परत सांग." की तू ते सगळं खोडून नव्याने लिहायला बसायचीस. मी जेवायला वाट बघत. "खालाला कळलं नाही, म्हणजे मलाच कळलेलं नाही," हे तुझं त्यावरचं उत्तर. यावर नवऱ्याने काय बोलावं?

आणि ते रेकॉर्डिंग! अस्र आणि मगरिब या संध्याकाळच्या दोन नमाजांच्या मधल्या वेळेत, म्हणजे अजानचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून. खिडक्यांना ब्लँकेटं लावायची. एसी बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. ऑगस्ट महिन्यात, खफजीत, एसी बंद! तू ओढणीने कपाळ पुसत सांगत होतीस, की जेम्सटाउनमध्ये पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे हिवाळ्यात कसे हाल झाले, कशी उपासमार झाली. मी मोबाइल धरून उभा, घाम डोळ्यांत जातोय, आणि मनात म्हणतोय, मेले ते एकदाचे सुटले तरी. तेवढ्यात तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "आमचे हे रडतायत बघा, इतका वाईट हिवाळा होता." लोकांनी तेही खरं मानलं.

एसीनंतर फ्रिजवर आलीस. त्याचाही आवाज येतो म्हणे. प्लग काढलास. रेकॉर्डिंग झालं, खुशीत चहा झाला, प्लग लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर जिन्यापर्यंत वास. मी बंदरावरच्या ओळखीने आणलेला हामूर मासा, आणि आपल्या लेकीसाठी, झोयासाठी ठेवलेली कोळंबी, सगळं खलास. तू नाकाला ओढणी लावून काय म्हणालीस? "त्या काळच्या जहाजांवर असाच वास असणार, नाही का?"

चहाचं तर मी या जन्मात विसरणार नाही. बॉस्टनच्या बंदरात लोकांनी चहा कसा ओतला हे दाखवायला तू माझा, मुंबईहून येणाऱ्या माणसाकडून मागवलेला चहा, बाथरूमच्या बादलीत उपडा केलास. चमचाभर नव्हे, पूर्ण डबा! मी ओरडलो ते रेकॉर्ड झालं आणि तू ते ठेवलंस. आजही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला बकालावाला मला बघितलं की हसतो आणि विचारतो, चहा हवा का भाई.

पण त्या भागात तू एक काम केलंस, ते मला आवडलं होतं. तोंडावर कधी बोललो नाही, ते आज सांगतो. सगळे समजत होते की तो ओतलेला चहा आपल्याकडचा. तू सांगितलंस, नाही, तो चीनचा होता, आपल्याकडे तेव्हा चहाचे मळेच नव्हते. लोक किती चिडले! देशाचा अपमान केला म्हणाले. दम्मामहून एकाने तुला देशप्रेमावर हे एवढं लिहून पाठवलं. तू ढिम्म हलली नाहीस. "चूक ती चूक," म्हणालीस, "लोकांना आवडते म्हणून ती बरोबर होत नाही." हे तुझे शब्द आहेत. मी लक्षात ठेवलेत.

मग व्हर्जिनियाच्या त्या जहाजाच्या वेळी तुला काय झालं होतं?

तुझा तो कफीलवाला भाग आज दुपारी, उपाशीपोटी, पुन्हा ऐकला. भाग उत्तम आहे, त्यात वाद नाही. इंग्लंडातली गरीब पोरं व्हर्जिनियाला कशी गेली, जहाजाचं भाडं दुसऱ्याने कसं भरलं, त्याच्या बदल्यात काही वर्षं त्याच्याच शेतावर कसं राबायचं, मालकाला विचारल्याशिवाय लग्न नाही, काम सोडून जाणं नाही, आणि मुदत संपली की मोकळे. तू म्हणालीस, "म्हणजे बघा, आपल्या व्हिसावाल्या मालकासारखा त्यांना पण कफील होता!" आणि हसलीस. ते तुझं हसणं. मागून खालाचा खोकला येतो, कारण त्या दिवशी ती स्पीकरवर होती.

आणि तो करारनामा दाखवायला काय केलंस! त्या काळी एकाच कागदावर करार दोनदा लिहायचे आणि मधून दातेरी कापायचे, अर्धा मालकाकडे, अर्धा मजुराकडे, भांडण झालं तर दात जुळवून बघायचे. किती छान समजावलंस. फक्त कापायला घरातला दुसरा कुठलाही कागद न घेता आपल्या घरभाड्याचा करार घेतलास. मूळ प्रत! मी घरमालकाकडे दातेरी अर्धा कागद घेऊन गेलो होतो शमीम. त्याने आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला पाणी आणून दिलं.

तो भाग मात्र वाऱ्यासारखा गेला. जुबैल, दम्माम, पार कुवेतपर्यंत. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसांनी एकमेकांना पाठवला. सुपरमार्केटमध्ये बायका तुला थांबवायला लागल्या. एक म्हातारे चाचा तर म्हणाले, "बेटी, माझी पहिली पाच वर्षं तू सांगितलीस." त्या दिवशी घरी येताना गाडीत तू रेडिओ बंद केलास. मग म्हणालीस, "अहो, लोकांना पहिल्यांदा वाटलं, की इतिहासात आपणही आहोत."

खरं आहे. पण त्याच भागाच्या शेवटी, जाता जाता, तू ते एक वाक्य टाकलंस. की मग आफ्रिकेतूनही माणसं आली, आणि तीही सुरुवातीला अशीच आली, काही वर्षांच्या बोलीवर.

अशीच? शमीम, अशीच?

तूच मला वाचून दाखवलं होतंस. एका इंग्रज जहाजाने भर समुद्रात पोर्तुगीज जहाज लुटलं. त्यात माणसं होती, आफ्रिकेतल्या त्यांच्या मुलखातून पकडून आणलेली. ती पळवली. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले, तर जहाजावर खायला नाही म्हणे. तिथल्या बड्या लोकांनी शिधा दिला आणि बदल्यात माणसं उतरवून घेतली. तिथल्याच एकाने ते पत्रात लिहूनही ठेवलं. माणसं किती? तर वीसच्या वर काही.

तू मला हे वाचून दाखवलंस, मला! मी वीसेक वर्षं ऑफशोअरच्या बोटींना शिधासामान पुरवतोय. तूच मला "ओ शिधावाले" म्हणून हाक मारायचीस, चारचौघांतही. तांदूळ, कांदे, तेल, डबाबंद दूध, पिण्याचं पाणी. एक पोतं कमी भरलं तर रात्रपाळीचा माणूस मला फोन करून उठवतो. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही, आठवतं? तुला म्हटलं, शमीम, शिधा देऊन माणसं घेतली तर त्यात बोली कुठे आली? त्यांच्या हातात अर्धा कागद होता का? दात जुळवायला काय होतं त्यांच्याकडे?

तू म्हणालीस, "पण त्यातले काही पुढे सुटले हो. तेव्हा गुलामगिरीचा कायदा पक्का झाला नव्हता."

सुटले असतील. पण सुटणं वेगळं आणि बोलीवर येणं वेगळं. आपण आलो, तेव्हा बापाने एजंटाच्या पायऱ्या झिजवल्या, पण आपण आपल्या पायांनी विमानात चढलो. वाईट दिवस काढले, नाही म्हणत नाही. पण गावी खबर होती, कुठे गेलाय ते. त्यांच्या घरी कुणाला काय माहीत होतं?

तू माझं ताट झाकून ठेवलंस. मग म्हणालीस, "बरोबर आहे तुमचं. पण आत्ता सांगितलं तर त्या भागातली सगळी मजा जाईल. लोक इतके खूश आहेत. पुढच्या भागात नीट सांगते, पूर्ण भाग करते त्यांच्यावरच."

मग बॉस्टन आलं. मग चहा. मग क्रांती, जी संपतच नव्हती. पुढच्या भागात, पुढच्या भागात! रोजे पुढच्या थंडीत आणि जहाज पुढच्या भागात. तुला कुणी लिहून दिलं होतं का, की पुढचं सगळं तुझंच आहे म्हणून?

आणि मग तो दिवस. शाळेतून आलीस, डोकं दुखतंय म्हणालीस. मी म्हटलं, पड जरा. "कपडे वाळत घालायचेत," म्हणालीस. तेही राहिले. हॉस्पिटलात आपल्या सांगलीकडच्या डॉक्टरबाई होत्या, त्या माझ्याशी मराठीत बोलायला लागल्या तेव्हाच मी समजलो.

तुला इथेच दफन केलं. इथली रीत तुला माहीत आहे, कबरीवर नाव नाही, नुसता दगड. मी दर शुक्रवारी, जुम्याला जातो, सलाम करतो, ओळीतली जागा मला पाठ आहे. पण माझ्यानंतर कुणी विचारलं, शमीम कुठे आहे, तर दाखवायला काही नाही. आणि याचा मला कधी त्रास झाला नव्हता. त्रास परवा झाला.

परवा त्या कफीलवाल्या भागाखाली एकाने लिहिलं, की गुलामगिरी वगैरे सगळं नंतर फुगवून सांगितलेलं आहे, सुरुवातीला ते लोकही आपल्यासारखे ॲग्रीमेंटवर आले होते, शमीम मॅडमनी पुराव्यासकट सांगितलंय. पुराव्यासकट! कसला पुरावा? आपल्या घरभाड्याच्या कराराचा? खाली लोकांनी त्याला शाबासकी दिली होती. एकाने तर तुला दुआ दिली होती. माझं डोकं फिरलं. तुझ्या कबरीवर नाव नाही, आणि या चुकीवर मात्र ठळक तुझं नाव.

झोयाला दाखवलं. तिने वाचलं आणि खांदे उडवले. "अब्बा, जस्ट डिलीट इट."

मी म्हटलं, अगं अम्मीचा भाग आहे तो.

"तो क्या? शी वॉज राँग. डिलीट इट, खलास."

मला राग आला. मी म्हटलं, तुला काहीच वाटत नाही का? तर म्हणाली, "मैंने एक भी वीडियो नहीं देखा है अब्बा, उसके बाद से. मुझसे अम्मी की आवाज़ नहीं सुनी जाती. ओके?" आणि दार लावून घेतलं. बघ, आपली लेक. तू घरात मराठी मराठी करून घसा कोरडा केलास आणि ती रडतेसुद्धा हिंदीत.

डिलीट करायचं म्हणून मी खालाला आधी फोनवर विचारायला गेलो. माझी अक्कल! तुझी खाला रोज अस्रनंतर तोच भाग ऐकते. शेजारची सून मोबाइलवर लावून देते. तिला इंग्लंड, व्हर्जिनिया काही नको असतं, तुझं ते हसणं आलं की ती पण हसते आणि स्वतःचा खोकला आला की म्हणते, "ही मी."

ती माझ्यावर भडकलीच. "तिचा आवाज काडून टाकशील तर मी काय ऐकू? कबर बगायला तिथं यायची हाय काय मी?"

मी म्हटलं, बरं, काढत नाही. पण तिच्याकडून त्यात एक चूक झालीय, ती मी वेगळी सांगतो लोकांना.

तर जास्तच भडकली. "मेल्या माणसाच्या चुका काडू नयेत, इक्बाल. मरहूमांचं चांगलं तेवढं बोलावं. तुज्या बापानं तुला येवढं शिकवलान नाय?"

शिकवलं होतं. तीच तर पंचाईत. काढलं तर खालाकडचा तुझा आवाज जातो, ठेवलं तर खोटं राहतं आणि सांगितलं तर मेलेल्या बायकोची चूक चव्हाट्यावर मांडणारा नवरा होतो. हे तीन दगड माझ्या गळ्यात बांधून तू आरामात झोपली आहेस. वर तुझे रोजे!

आज अस्रची नमाज झाली आणि मला राहवलं नाही. पुन्हा फोन लावला. म्हटलं, खाला, चूकबीक राहू दे. तू आधी गोष्ट ऐक. समज, माझ्याच कामातली आहे. बोट येते. कप्तान म्हणतो, खायला संपलं. मी तांदूळ चढवतो, कांदे चढवतो, तेल, पाणी. तो बिलावर सही करतो, मी परत येतो. बरोबर?

"हां."

समज, तो म्हणाला, सही नाही करत, बदल्यात ही माणसं घे.

"कसली मान्सा?"

आफ्रिकेतली. कुणीतरी पकडून आणलेली, त्याने मध्येच पळवलेली.

"त्यानला इचारलान?"

नाही.

"किती मान्सा?"

वीसच्या वर काही.

"वर काय म्हंजे किती?"

तसंच लिहिलंय, खाला. वर काही.

तिच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग तिने विचारलं, "आनी शिधा किती दिलान?"

शमीम, मी वीसेक वर्षं हे काम करतोय आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हटलं, ते लिहिलेलंच नाही कुठे.

तिने कोंबड्यांना हाकललेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "शमीमला हे ठाव होता?"

होतं.

"मग सांगितलान का नाय?"

पुढच्या भागात सांगणार होती.

आणि तुझी खाला हसायला लागली. हसता हसता खोकला लागला आणि खोकता खोकता रडायला लागली. "हां," म्हणाली, "तशीच होती ती लहानपनापासून. आंगन झाडायला सांगितला, तर बोलायची, ऊन उतरला का झाडते." मग नाक पुसल्याचा आवाज आला. "इक्बाल, तिचे रोजे तू ठेवतंस ना?"

आजच ठेवलाय.

"मग हे पन ठेव. रोजे ठेवतंस म्हंजे तिची बदनामी करतंस काय? राहिलेला पुरा करतंस. तसाच हे. नाव तिचाच घे. आनी आधी मना ऐकव, मना समजला पायजे."

हे इतकं सोपं होतं, आणि मी तीन दिवस जेवलो नाही नीट. तुम्ही खाला-भाची मिळून माझा जीव घेणार.

फोन ठेवला तर दारात झोया उभी. किती वेळ ऐकत होती कुणास ठाऊक. डोळे लाल. म्हणाली, "कॅमेरा कौन पकड़ेगा? आपसे तो सीधा पकड़ा भी नहीं जाता." मी म्हटलं, तूच धर मग. तर आत गेली आणि खिडकीला लावायची ती ब्लँकेटं कपाटातून काढून बसली आहे. तुझ्या घडीतच होती ती. तिने एक नाकाला लावलं, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तर ऐक. या जुम्याला, अस्रनंतर, मी तुझ्या खुर्चीवर बसणार आहे. आयुष्यात कधी चार माणसांत उभा राहून बोललो नाही. लग्नात "कबूल आहे" तीनदा म्हणायचं होतं, ते दुसऱ्या वेळी अडखळलो म्हणून तू जन्मभर चिडवलंस. पण बसणार आहे. एसी बंद करीन. फ्रिजचा प्लग काढीन, आणि मी तो परत लावीन, हे लिहून ठेव. तुझा भाग जिथे आहे तिथेच राहील, हसण्यासकट, खोकल्यासकट. त्याच्या शेजारी हा ठेवीन.

पहिलं वाक्य ठरलं आहे. माझं नाव इक्बाल, मी जहाजांना शिधा पुरवतो, आणि माझी बायको शमीम हिचं एक सांगायचं राहिलं होतं, ते तिच्या नावाने मी सांगतोय. मग जहाज. मग ती माणसं. ती आपल्यासारखी आली नव्हती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या हातात अर्धा कागद नव्हता. शिधा किती दिला, ते कुणी लिहिलं नाही, आणि माणसं किती, तेही धड मोजलं नाही. "वीसच्या वर काही" म्हटल्यावर मी थोडा थांबणार आहे. तू अशा जागी थांबायचीस. मला तेव्हा वाटायचं, विसरलीस.

लोक चिडतील. त्या म्हाताऱ्या चाचांना वाईटही वाटेल. त्यांना मी भेटून सांगीन, की चाचा, तुमची पाच वर्षं खरी आहेत, ती कुणी काढून घेत नाही. पण तुमच्याकडे परतीचा दिवस होता.

आणि राहिलेले रोजे या थंडीतच ठेवीन, एकही पुढच्या थंडीवर ढकलणार नाही. तुझ्यासारखा नाही मी.

आता मगरिबची अजान सुरू झाली. समोर खजूर आहे, पाणी आहे, आणि झोयाने विचारल्याशिवाय चहा टाकलाय. पहाटे रोज्याची नीयत तुझ्या नावाने केली होती. आता तुझा रोजा सोडतो, शमीम. यातलं तुझं एवढं तरी पुरं झालं.

तुझा,
शिधावाला इक्बाल